मशिदीचा बर्फ आणि माझी साखर

माझ्या रक्तातली साखर वाढल्याचं कळलं, तेव्हा बायकोने मला एकच प्रश्न विचारला. “कुठं खाल्लंत?”

खाल्लंत का, हा प्रश्न तिने गाळला होता. वडगावच्या कोर्टात कारकुनी करता करता माझे केस पांढरे झाले. समोरच्याने गुन्हा केलाच आहे असं धरून विचारलेला प्रश्न मी लांबूनही ओळखतो. कोर्टात असा प्रश्न आला की दुसरा वकील उठून हरकत घेतो. आमच्या स्वयंपाकघरात दुसरा वकील नव्हता. सून होती, आणि ती फिर्यादीच्या बाजूने होती.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण माझं सगळंच त्या साखरेत अडकलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. निवृत्तीनंतर निवांत वाचू म्हणून जमवलेली पुस्तकं कपाटात उभी होती आणि कुठलं कुठलं आहे हे मला जाडीवरून ओळखावं लागत होतं. पेपर सून वाचून दाखवायची, पण तिला आवडतील तेवढ्याच बातम्या. त्यामुळे त्या काळात देशात सोन्याचा भाव आणि एक्सप्रेसवेवरचे अपघात यांपलीकडे काही घडत नव्हतं. तळेगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई ऑपरेशन करायला तयार होत्या. त्यांची अट एकच होती: आधी साखर खाली आणा. साखर असताना डोळ्याला हात लावला आणि जखम चिघळली तर आहे तेवढी नजरही जाईल, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. मी घाबरलो होतो आणि ते कुणाला दिसू नये म्हणून जास्तच विनोद करत होतो.

गोळ्यांवर भागेनासं झालं म्हणून दिवाळीनंतर मला इन्सुलिन सुरू झालं होतं. सकाळी नाश्त्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी सुनेने भरून दिलेली सुई पोटाला टोचायची. थंडीभर साखर शहाण्यासारखी खाली राहिली. रमजान लागला आणि ती वर चढू लागली.

रमजानात साखर वाढलेला माणूस आपोआप संशयित ठरतो. संध्याकाळी रोजा सोडताना दस्तरखानावर खजूर, कलिंगड, भजी आणि लाल सरबत मांडलेलं असतं. त्यात मला रोजा धरायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. घरातली सगळी उपाशी असताना आपण त्यांच्यासमोर चपाती मोडायची हे मला जमत नाही. म्हणून मी नाश्ता आणि दुपारचं जेवण मागच्या खोलीत, दार लोटून घ्यायचो. अदब म्हणून सुरू केलेली ही गोष्ट पुढे माझ्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरली. दार लोटून जेवणारा माणूस आत काय खातो, हे कोण सांगणार?

सुनेने खजुरांचा डबा तिच्या कपाटात हलवला. गुळाची ढेप कुठे गेली ते मला आजही ठाऊक नाही. त्या वर्षी होळी नेमकी रमजानात आली होती आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आबांच्या घरून पुरणपोळ्या आल्या. बायकोने त्या इफ्तारला वाढल्या. माझ्या ताटात भाकरी आणि दुधी भोपळा होता. मी पुरणपोळीकडे पाहिलंही नाही. खरं म्हणजे मोतीबिंदूमुळे दिसलीच नाही, पण वासावर कुणाचा इलाज नसतो.

आबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते नवलाख उंबरे या गावचे शेतकरी. जमीन कारखान्यांना गेली, पैसे आले, आणि त्यांनी वडगावात आमच्या गल्लीच्या टोकाला बंगला बांधला. माझी आणि त्यांची गट्टी जमली ती सकाळच्या फिरण्यातून. त्या जानेवारीत त्यांच्या मुलाने दोन दारांचा फ्रिज आणला होता. टेम्पो गल्लीत शिरला तेव्हाच कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. फ्रिजच्या दारावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि फोडलेलं खोबरं ठेवायला फ्रिज उघडावा तर तो अजून चालू केलेला नव्हता. तो स्वयंपाकघरात मावत असतानाही त्याला दिवाणखान्यात, सोफ्याच्या समोर उभं केलं, म्हणजे आल्यागेल्याला तो दिसावा. दारावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. मुठीला क्रोशाचं कव्हर शिवलं होतं. दारावर निळ्या आकड्यात आतली थंडी दिसायची. आबा तो आकडा पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि आत पाहिलं तर पाण्याच्या बाटल्या, कोथिंबिरीची जुडी आणि लिंबं.

“एवढ्या मोठ्या फ्रिजात ठेवता काय, आबा?” मी विचारलं होतं.

“भाऊ, हत्ती पाळला म्हून त्याच्यावर रोज बसावं लागतंय व्हय?” आबा म्हणाले होते.

आमचा फ्रिज अशा थाटाचा नाही. एका दाराचा, वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा असलेला, रंग उडालेला. पण त्याला जुन्या घराण्याचा मान आहे. आमच्या गल्लीत पहिला फ्रिज आला तो आमच्या घरी, माझ्या आईच्या वेळी. तेव्हापासून रमजानात इफ्तारच्या आधी मशिदीत सरबतासाठी बर्फ जातो तो आमच्या घरून. फ्रिज बदलले, आई गेली, मशिदीत थंड पाण्याचं यंत्र बसलं, घरोघरी फ्रिज आले. आता त्या बर्फाची गरज कुणालाच नाही. पण आईनंतर बायकोने ते काम हातात घेतलं, आणि एकाही रमजानात तिने खंड पडू दिला नाही. दुपार कलताना असरची नमाज झाली की ती बर्फाची लादी फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडते आणि झाकणाच्या डब्यात भरून पाठवते. डबा परत येतो तेव्हा त्यात कुणाच्या तरी घरचे दोन समोसे असतात. सरकार बदललं तरी खात्याचं जुनं परिपत्रक चालू राहावं, तसा हा बर्फ चालू आहे.

लादीसाठी बायकोची खास युक्ती होती. बर्फाच्या छोट्या साच्यांनी मशिदीचं भागत नाही. आमच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या खालोखाल एक पसरट प्लास्टिकचा ट्रे होता, फ्रिजबरोबरच आलेला. त्यात घरचं कुणी कधी काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे तो बिनकामाचा आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. रमजान लागला की बायको तो ट्रे काढायची, पाण्याने भरून वर बर्फाच्या कप्प्यात सरकवायची, आणि फ्रिजचं बटण शेवटच्या आकड्यावर फिरवायची. महिनाभर ते बटण तिथेच राहायचं. कप्प्याच्या भिंतींवर हिमालय साचायचा. बर्फ फारच वाढला की ती कालथ्याच्या टोकाने खरवडायची. मी ओरडायचो, कारण त्या पत्र्यामागे गॅसच्या नळ्या असतात आणि एक भोक पडलं की फ्रिज संपला. ती म्हणायची, “पुस्तकात वाचलंय ना? मग पुस्तकातच ठेवा.”

तर साखर वाढत होती. मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या केबिनमध्ये त्यांच्याच सत्काराचे फोटो आहेत, आणि पेशंटची खुर्ची अशी ठेवली आहे की ते फोटो पाहिल्याशिवाय आजार सांगताच येत नाही. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मान हलवली.

“काका, जिभेवर ताबा नाही.”

“डॉक्टर, मी काही खाल्लेलं नाही.”

“सगळे हेच म्हणतात,” ते म्हणाले, आणि बायकोकडे पाहून हसले. बायको पण हसली. तो हसण्याचा व्यवहार मला अजून आठवतो. डॉक्टरांनी इन्सुलिनचा डोस वाढवला. पुढच्या खेपेला आणखी वाढवला. साखर जागची हलली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी दिलेली तारीख एकदा पुढे गेली होती. आता त्यांनी तारीख द्यायचंच थांबवलं.

संशय ही अशी चीज आहे की ती एकतर्फी राहत नाही. घर माझ्यावर संशय घेत होतं, मी जगावर घेऊ लागलो. साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या जुन्या असतील. मेडिकलवाल्याने बनावट औषध दिलं असेल. डॉक्टर मुद्दाम कमी डोस देऊन फेऱ्या मारायला लावत असतील. प्रत्येक संशयावर मी रात्रभर पक्का असायचो आणि सकाळी तो ढासळायचा. पट्ट्या बदलल्या, तरी आकडा तोच. लॅबमध्ये रक्त दिलं, तरी तोच. शेवटी मला स्वतःचीच शंका येऊ लागली. माणूस झोपेत चालतो म्हणतात. झोपेत खातही असेल.

आबाही यातून सुटले नाहीत. एका सकाळी आम्ही फिरून आलो तर बायको दारातच उभी.

“आबा, खरं सांगा. तुमच्याकडं यांना काय खायला मिळतं?”

आबा दचकले. “हितं काय झालं आता?”

“साखर उतरत नाही यांची. घरी तर मी काही देत नाही.”

“वैनी, देवाच्यान, आमच्याकडं ह्यांनी निसतं पाणी पिलंय. ते बी थंड न्हाई घेत, घसा बसतोय म्हनं.”

“आणि पुरणपोळी?”

“ती तर तुमच्याकडंच धाडली की! तुमी खाल्ली, आन् चौकशी आमची व्हय?” आबांनी माझ्याकडे वळून डोळे बारीक केले. “पर भाऊ, आपल्यात बोलायचं तर, कुटं खाताय तेवढं सांगा. मी कुनाला सांगत न्हाई.”

सगळ्यात जवळचा मित्रही फितूर झाला.

मग तो दिवस आला. इन्सुलिनची बाटली आदल्या संध्याकाळी संपली होती. मुलगा कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी परतला, तो येताना सोमाटण्याच्या एका मेडिकलमधून नवी बाटली घेऊन. त्याने ती माझ्या हातात दिली. डॉक्टरांनी वाढवलेल्या डोसप्रमाणे मी इन्सुलिन टोचून घेतलं, मागच्या खोलीत दार लोटून भाकरी-भाजी खाल्ली, आणि सुनेने बाटली फ्रिजमध्ये ठेवली. तोवर सगळं रोजच्यासारखं होतं.

दुपार व्हायच्या आत मला घाम फुटला. उन्हाचा घाम असा नसतो. हात थरथरू लागले, ओठांभोवती मुंग्या आल्या, आणि भिंतीवरचं घड्याळ एकदा जवळ, एकदा लांब जाऊ लागलं. मी बायकोला हाक मारली, पण तोंडातून निघालं ते मलाही कळलं नाही. ती आली, माझ्याकडे पाहिलं आणि ओरडून सुनेला यंत्र आणायला सांगितलं. आकडा एवढा खाली होता की सुनेने यंत्र हलवून पाहिलं.

बायको रोज्याची होती. पाण्याचा थेंब तिच्या घशात नव्हता. तिने इफ्तारसाठी बनवलेल्या लाल सरबताचा जग उघडला, पेला भरून माझ्या तोंडाला लावला, आणि एका हाताने माझं डोकं धरून म्हणाली, “प्या. सगळं प्या. आणखी साखर टाकू का?” रमजान लागल्यापासून जिने घरातला गूळ लपवला होता, ती मला सरबत पाजत होती. सून धावत जाऊन तिच्या कपाटातला खजुरांचा डबा घेऊन आली. मी खजूर चघळत पडून राहिलो. हळूहळू घड्याळ भिंतीवर स्थिर झालं.

मी बरा दिसू लागलो तशी चौकशी सुरू झाली.

“सकाळी नाश्ता केलात?”

“केला.”

“कुणी पाहिलं?”

कुणीच पाहिलं नव्हतं. दार लोटलेलं होतं.

बायको माझ्यासमोर येऊन बसली. “खरं सांगा. रोजा धरलात ना?”

“काय?”

“लोक काय म्हणतील म्हणून चोरून रोजा धरलात. इंजेक्शन घेतलं आणि उपाशी राहिलात. अल्लाहने सूट दिलीय आजारी माणसाला, डॉक्टरांनी हात जोडून सांगितलंय, तरी तुम्हाला पुण्य कमवायची हौस!”

मी सरबताच्या घोटावर अडखळलो. कालपर्यंत माझ्यावर चोरून खाल्ल्याचा आरोप होता. आज चोरून उपास केल्याचा होता. एकाच आरोपीवर दोन्ही कलमं लावलेली मी नोकरीभर कधी पाहिली नव्हती. मुलगा झोपेतून उठून आला आणि तोही म्हणाला, “अब्बा, असं करत जाऊ नका.” सगळ्या घराने मिळून मला इतकं धार्मिक कधीच मानलं नव्हतं. मला जरा बरंही वाटलं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस पूर्वीइतका खाली आणायला सांगितला आणि जेवणाच्या वेळा पाळा म्हणून बजावलं. त्या दिवसापासून नाश्ता बायकोसमोर करायचा, असा हुकूम निघाला. रोज्याच्या तोंडाने ती माझ्यासमोर बसायची आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत उठायची नाही. अदब वगैरे सगळी संपली. आता माझं प्रत्येक खाणं उजेडात होतं. तरीही, काही दिवसांतच, साखर पुन्हा वर चढू लागली.

या खेपेला मात्र बायकोला माझ्यावर आरोप ठेवता येईना. साक्षीदार तीच होती.

मी पडून विचार करत राहिलो. डोळ्यांनी काम थांबवलं की डोकं जास्त चालतं, असं मी म्हणणार नाही. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. औषध बनावट असतं तर त्या सकाळी मला आडवं केलं नसतं. सोमाटण्याहून मुलाने आणून हातात दिलेली बाटली त्या दिवशी जिवंत होती, जरा जास्तच जिवंत होती. तीच बाटली काही दिवसांनी मेल्यासारखी वागत होती. माणसं तीच, सुई तीच, जेवण तेच. या दोन्हींच्या मध्ये ती बाटली राहिली होती कुठे? फ्रिजमध्ये.

तोवर त्या फ्रिजवर कुणाचाच संशय नव्हता. घरात कुणावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा तर आपण यंत्रावर ठेवतो. औषध ‘थंड जागी ठेवा’ असं सांगितलं जातं, आणि फ्रिज तर थंड. तिथे बाटली पोचली की आपली जबाबदारी संपली, असं सगळे धरून चालतात. मीही धरलं होतं.

मी उठलो आणि फ्रिज उघडला. “बाटली कुठं ठेवतेस?” मी सुनेला विचारलं.

“सगळ्यात वर, अब्बा. बर्फाच्या खाली, अगदी मागे. तिथं सगळ्यात गार असतं. खाली कालवण सांडतं, अंडी असतात, दार सारखं उघडतं. तुमचं औषध मी सगळ्यात चांगल्या जागी ठेवते.”

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मी हात घालून चाचपलं. जिथे ट्रे असायला हवा होता तिथे मोकळी जागा होती. ट्रे वर, बर्फाच्या कप्प्यात, मशिदीची लादी पोटात घेऊन बसला होता. वरच्या पत्र्यातून गारवा सरळ माझ्या मनगटावर उतरत होता. बाटली मागच्या भिंतीला टेकली होती. उचलायला गेलो तर ती जराशी चिकटलेली लागली आणि टच् असा आवाज करून सुटली. धूसर डोळ्यांसमोर धरून पाहिली, पण ते औषध मुळातच पांढुरकं आणि माझी नजरही तशीच, त्यामुळे आत खडे झालेत की काय ते दिसेना.

मी कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर बचावाचा नवा डाव म्हणून निकालात निघालं असतं. एका छोट्या वाटीत पाणी घेतलं, त्यात चमचा टाकला, आणि ती वाटी बाटलीच्या जागी ठेवून दिली. संध्याकाळचं इंजेक्शन मी घेतलं नाही. मुलाला तळेगावहून नवी बाटली आणायला पिटाळलं आणि ती आली तेव्हा घेतलं. नवी बाटली मी माठाशेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

सकाळी नाश्त्याच्या वेळी बायको नेहमीसारखी समोर बसली. मी फ्रिज उघडून वाटी काढली आणि तिच्या तळहातावर पालथी धरली. काहीच पडलं नाही. चमचाही बर्फात घट्ट रुतून बसला होता.

“हे काय?”

“रोज रात्री माझं इन्सुलिन जिथं झोपतं, ती जागा.”

ती आधी चिडली. “थंडच ठेवायचं असतं ना ते?”

“थंड. गोठलेलं नाही. दूध नासलं की पुन्हा गरम करून चांगलं होतं का? हे एकदा गोठलं की सुटल्यावरही मेलेलंच राहतं. मी मेलेलं औषध टोचून घेत होतो आणि डॉक्टर त्या मेलेल्याचा डोस वाढवत होते. म्हणून जिवंत बाटली आली तेव्हा तेवढ्याने मला आडवं केलं.”

तिने वाटी ओट्यावर ठेवली. फ्रिजचं दार उघडं होतं आणि ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. मग तिने वरच्या कप्प्यातून ट्रे ओढून काढला. बोटं चिकटत होती तरी सोडला नाही. लादी न्हाणीघरात पालथी केली, ट्रे पुसला आणि बर्फाच्या खाली, त्याच्या जागी सरकवला. तो टक् करून बसला तेव्हा बर्फाचा कप्पा आणि खालची फळी यांच्यामध्ये एक छत तयार झालं. त्या ट्रेचं काम तेवढंच होतं. गारठा थेट खाली येऊ नये.

“मी काढला होता तो,” ती म्हणाली.

“आणि बाटली मी वर ठेवली होती, अम्मी,” सून म्हणाली.

एका गुन्ह्याला दोन कबुलीजबाब, आणि दोन्ही खरे. अशा वेळी कोर्टाची पंचाईत होते. मी नाश्ता केला.

बाटलीला मधल्या फळीवर, भिंतीपासून लांब, झाकणाच्या डबीत जागा मिळाली. बटण मधल्या आकड्यावर आलं. इथपर्यंत सगळं सोपं होतं. पण असरची वेळ जवळ आली तशी बायको स्वयंपाकघरात नुसतीच फिरू लागली. साच्यांमध्ये जेमतेम पेलाभर बर्फ होता. सासूने सोपवलेलं काम तिच्या हातून मोडत होतं. मशिदीला त्या बर्फाची गरज नाही, हे मी तिला सांगू शकलो असतो. त्याआधी मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांनाही तेवढं दिसलं.

मी आबांकडे गेलो. सगळी हकिगत ऐकून ते सोफ्यावर मागे रेलून हसले.

“म्हंजी तुमी खरंच काय खाल्लं न्हवतं?”

“नाही.”

“आन् मी लेकाला बी सांगितलं, भाऊ लय पोचलेला मानूस, खातोय पर कुनाला घावत न्हाई.” मग ते उठले आणि माझ्याबरोबर आमच्या घरी आले. दारातूनच म्हणाले, “वैनी, आमच्या त्या कपाटात निसतं पानी निजलंय. भांडी भरून धाडा. उद्यापासनं लादी आमच्याकडं.”

“तुमच्या फ्रिजात, आबा? तुमच्याकडं चालेल?”

“बर्फाला कसली आलीय जात? पान्याचा तर हाय. आन् तो फ्रिज घेतल्यापासनं पयल्यांदा कामाला लागंल. तुमी फक्त दारावरचं प्लॅस्टिक फाडू नका म्हंजी झालं. सूनबाई रागावती.”

त्या दिवशीचा डबा पेलाभर बर्फानेच गेला. दुसऱ्या दिवसापासून लादी स्वस्तिक काढलेल्या दारामागे तयार होऊ लागली. आबा ती स्वतः उचलून आणायचे, आणि निळा आकडा किती होता ते न विचारता सांगायचे.

ईद झाल्यावर रक्त तपासलं. मग बायको आणि मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहिला, खुर्ची मागे ढकलली आणि भिंतीवरच्या फोटोंसारखे हसले.

“वा! आता कसं? जीभ आवरली की साखर आवरते. काका, मी सांगत होतो की नाही?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नोकरीभर दुसऱ्यांचे जबाब लिहून घेतलेल्या माणसाला स्वतःचा एक तरी नीट द्यावासा वाटतो. पण मी तोंड उघडायच्या आधी बायको बोलली. ती एरवी डॉक्टरांसमोर पदर सावरण्यापलीकडे काही करत नाही.

“त्यांनी काही खाल्लं नव्हतं, डॉक्टर.”

“असं घरची माणसं म्हणतात, पण—”

“मी घरचं माणूस आहे म्हणूनच सांगते. मी तेव्हा तुमच्याबरोबर हसले होते. इन्सुलिन आमच्या फ्रिजात गोठत होतं. मी ट्रे काढून बर्फ करत होते. यांच्या जिभेचा यात काही संबंध नाही. तुम्ही तसं लिहा.”

“ते काय लिहायचं त्यात,” डॉक्टर म्हणाले. पण त्यांचं हसू थांबलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, “गोठत होतं? किती दिवस?” आणि पहिल्यांदाच रिपोर्ट बाजूला ठेवून बाटली कुठे होती, आता कुठे आहे, हे तिच्याकडून ऐकून घेतलं. ती हातांनी फळ्या दाखवत सांगत होती. माझं काही कामच उरलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंसाठी त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. साखर ठीक आहे, ऑपरेशन करायला हरकत नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर बायकोने ती चिठ्ठी माझ्या हातातून घेतली आणि पर्समध्ये ठेवली; माझ्याकडे असती तर मी ती वाचायचा प्रयत्न करत बसलो असतो, हे तिला ठाऊक होतं.

“आधी कुठला डोळा?” तिने विचारलं.

“उजवा.”

“मग चला. तळेगावची बस लागलीय.”